तिच्या बदल्यात मी, दोन बॉल आणि एक रिंग

बारामतीत आमच्या मैदानासमोर चहाचा एक गाडा आहे. तिथं हा वाद अजून चालतो. त्या वर्षी इंदापूरची उंच मुलगी आपल्या बास्केटबॉलच्या संघात आणली, ते बरं झालं की वाईट? एकजण म्हणतो, तिच्यामुळं जिल्ह्याचा कप आला. दुसरा म्हणतो, कप आला, पण आपली तयार पोरगी गेली, वर रिंग गेली. तिसऱ्याला दोन बॉल आठवतात. चहा संपतो, वाद संपत नाही. मी शेजारून गेले की आवाज जरा खाली येतात, कारण ती तयार पोरगी म्हणजे मी.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. दारूच्या गुत्त्याविरुद्ध लिहिलं, बसस्टँडवर बायकांच्या मुतारीला कडी बसवा म्हणून लिहिलं. पत्रकाचा नियम सोपा. पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत ती कुणाकडं, तिसऱ्या ओळीत का. वेलबुट्टी नको. ह्या सौद्याबद्दल मात्र मी आजवर एक ओळ लिहिली नव्हती. मागणी कुणाकडं करायची, तेच कळत नव्हतं. आता चार-पाच वर्षं झाली. आता लिहिते.

ठरलं ते जूनमधल्या एका रविवारी, दुपारी, आमच्याच घरी. मी अकरावीत जाणार होते. माझे वडील बारामती डेपोत कंडक्टर. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत जाजमावर चार पुरुष बसले होते: वडील, आमच्या संघाचे सर, इंदापूरच्या संघाचे तात्या आणि त्या उंच मुलीचे आजोबा. आजोबांना सगळे आबाच म्हणत. इंदापूरजवळच्या वरकुट्याचे. लांबून आमच्या नात्यातले. त्यांच्या घरची मेंढरं विकून दहाएक वर्षं झाली होती, आमच्या घरची वडिलांच्या लहानपणीच गेली. आई आणि मी आतल्या खोलीत. मधे पडदा. पडद्याला कान नसतात, मला होते.

सर म्हणाले, "आबा, तुमच्या नातीची उंची वाया चाललीय तिकडं. तिच्याकडं बॉलच येत नाही."

"येईल कसा?" तात्या म्हणाले. "बॉल हाय कुठं आमच्याकडं? एक हाय, त्याला दोन ठिगळं. रिंग वाकलेली. शिडी तुमी न्या, पर आमच्या हाती काय ऱ्हातंय?"

शिडी म्हणजे ती. सगळा तालुका तिला शिडीच म्हणायचा.

"ह्यांची मुलगी देतो," सर म्हणाले आणि माझ्या वडिलांकडं बोट केलं असणार. "बुटकी आहे, पण खेळ तिच्या डोक्यात असतो. तुमच्या चार पोरी तयार करेल ती."

"बरोबरीचं न्हाय. वर काय?"

"दोन नवे बॉल."

"आन्?"

"रिंग. जाळीसकट."

"व्हय. आता जरा जुळलं."

बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर दोन मिरच्या मागतात ना, तसं. जुडी मी.

मग राहण्याचा प्रश्न निघाला. रोज पन्नास किलोमीटर कोण जाणार? आबा म्हणाले, "त्यात काय अवघड? तुमची पोर आमच्याकडं, आमची तुमच्याकडं. साटंलोटं करू."

सगळे हसले. साटंलोटं आमच्याकडं लग्नात करतात. दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना म्हणून करायच्या. त्यात गोम अशी, की एकीला सासरी त्रास झाला आणि ती माहेरी निघून आली, तर दुसरीलाही माहेरी धाडतात. तिचं सगळं सुखाचं चाललेलं का असेना. मी लहानपणापासून अशा बायका बघितल्यात. स्वतःचा काही गुन्हा नसताना पिशवी घेऊन बसस्टँडवर उभ्या.

आबा हसत म्हणाले, "पर मग साट्याचा नेम बी लागू. तुमची परत आली, तर आमची बी परत. त्याच दिशी."

"मान्य," वडील म्हणाले. तेही हसत होते. आबांनी कनवटीची सुपारी काढली, अडकित्त्यानं फोडली, चौघांनी खांड खांड तोंडात टाकलं.

आईनं नंतर एवढंच विचारलं, "तिला विचारलं का?"

"अगं, खेळायलाच चाललीय. वर्षाचा तर प्रश्न."

आठवड्याच्या आत माझा दाखला निघाला. एका सकाळी मी इंदापूरच्या गाडीत बसले. वालचंदनगरच्या फाट्यावर बारामतीकडं जाणारी गाडी समोरून आली. तिच्यात ती होती म्हणतात. मला दिसली नाही.

वरकुट्याचं घर वाईट होतं असं मी म्हणणार नाही. तिची आई, म्हणजे माझी काकी, भाकरी थापताना पहिली मला वाढायची. तिचे वडील ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, कुठल्या ना कुठल्या गावी. घरात आबा, काकी, सात शेळ्या आणि मी. पण ते घर तिच्या मापाचं होतं. मी तिच्या खाटेवर झोपायचे. तिच्या वजनानं खाटेची सुंभं जिथं खोल गेली होती, तिथं माझी कंबर यायची नाही. मी रात्रभर उतारावर. तिची कामं माझ्याकडं आली: शेळ्यांचं पाणी, शेण, दळण. काकी हाक मारायची ती तिच्याच नावानं, मग जीभ चावायची आणि म्हणायची, "अगं तू गं."

आईचं पत्र यायचं. आईला काय लिहावं ते कळत नाही, ती दिसेल ते लिहिते. "ही वरच्या फळीवरचे डबे टाचा न उचलता काढते." "हिला वांग्याची भाजी आवडते." मी ते पत्र वाचून घडी घालायचे आणि शेळ्यांना दोन शिव्या द्यायचे.

नागपंचमी आली. मी आबांना विचारलं, "दोन दिवस घरी जाऊ का?"

"जा की," आबा म्हणाले. "मी बी तिला बोलावतो. नेम हाय."

ती वरकुट्याला येणार म्हणजे सरांची दोन दिवसांची प्रॅक्टिस बुडणार. सरांनी वडिलांना सांगितलं. वडिलांनी इंदापूरच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर मला निरोप धाडला: नको येऊस, सराव मोडतो. पुढं गौरी-गणपतीलाही तेच. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, लक्षात घ्या. दार सताड उघडं होतं. फक्त त्या दाराची दोरी पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्या मुलीच्या पायाला बांधलेली होती. मी पाऊल टाकलं की ती पडणार.

आता रिंगबद्दल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तात्या सोडून.

इंदापुरात शाळेच्या मैदानावर तात्यांनी ती रिंग बसवली. तात्यांची स्वतःची शेती, नदीकाठची, काळी. बास्केटबॉल त्यांनी पुस्तकात बघून शिकलेला, पण माणूस मनापासून करणारा. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर हवी हे त्यांना पाठ होतं. लोखंडी खांब असा आणला, की दोन फूट पुरला तर रिंग बरोब्बर दहा फुटांवर येईल. खड्डा खणायला सुरुवात झाली आणि तात्यांच्या आतला शेतकरी जागा झाला. काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गोठ्याची मेढ असो नाहीतर रिंगचा खांब, काळ्या मातीत दोन फुटांवर उभा राहायचा नाही. तात्यांनी तीन फूट खणलं. दगड भरून, पाणी सोडून, पक्कं केलं. बैल धडकला तरी हलणार नाही असा खांब. आणि रिंग नऊ फुटांवर.

मला पहिल्याच फेकीला कळलं. चार वर्षं रोज मी दहा फुटांवर फेकत होते. हाताला सवय असते. बॉल रिंगच्या वरून फळीच्या माथ्यावर आदळला. पोरी हसल्या. "बारामतीची हाय ना, लय वर बघती." दुसऱ्या दिवसापासून त्या पोरींचे बॉल पटापट आत जायला लागले. ज्यांनी आयुष्यात पाच वेळा रिंगला बॉल लावला नव्हता, त्या दहात सात टाकायला लागल्या. तात्या बांधावर उभे राहून टाळ्या वाजवायचे. "बघा, रिंग बदलली तर पोरी बदलल्या."

मी गप्प बसले.

का गप्प बसले ते स्पष्ट लिहिते. नऊ फुटांवर शिकलेल्या पोरी दहा फुटांवर खेळायला गेल्या, की प्रत्येक बॉल तोकडा पडणार. संघ सपाटून हरणार. तात्या म्हणणार, सौदा फसला, न्या तुमची पोरगी परत. आणि मी घरी. हे सगळं मी ज्या दिवशी पहिला बॉल टाकला, त्याच संध्याकाळी शेळ्यांना पाणी दाखवताना ठरवून टाकलं होतं. दोन-अडीच महिने मी त्या पोरींना पास शिकवला, ड्रिबल शिकवलं, अडवायचं कसं ते शिकवलं. आणि नेमाबद्दल म्हणाल तर, ती परत वरकुट्याला येईल हे मला ठाऊक होतं. येऊ दे की, मी म्हणायचे. तिचंच तर घर आहे. तिची खाट, तिच्या शेळ्या.

दसरा झाला आणि एका दुपारी घरी पाहुणे आले. दोन बाप्ये आणि एक म्हातारी बाई. काकी रानात होती. आबांनी मला चहा टाकायला सांगितलं. मी कपबशा घेऊन बाहेर आले, तर म्हातारीनं माझा हातच धरला.

"बस गं. शिकतीस?"

"अकरावीला आहे."

"जरा चालून दाखव बरं."

मला वाटलं म्हातारीला कप आत ठेवायला हवाय. मी चुलीपर्यंत गेले, परत आले. म्हातारी बाप्यांकडं बघून म्हणाली, "उंच सांगितली व्हती की! ही तर उखळाएवढी हाय."

आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "ही न्हाय ओ! ही बदल्यातली. आमची बारामतीला हाय, खेळाय गेलीया."

"मग कवा येणार?"

"थंडीत सामने हायती. ते झाले की मोसम संपला. येती की. मग उरकून टाकू." मग माझ्याकडं मान वळवून आबा म्हणाले, "आन् ही मधीच घरी गेली, तर त्याच दिशी येती. नेम हाय तसा."

म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पुन्हा बघितलं. ह्यावेळी तिचा आवाज गोड होता. "मग तू कवा जातीस, बाई?"

पाहुणे गेल्यावर मी शेळ्यांच्या छपरात जाऊन बसले. काकी रानातून आली, तिला शेजारणीनं वाटेतच सांगितलं असावं. तिनं डोक्यावरचा भारा उतरवला, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि शेळ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तू ऱ्हा. तू हितं हायस तवर ती तितं हाय. तिला शिकायचंय. मी बोलले तर आबा ऐकत न्हाईत. पर सुपारीचं ऐकत्यात."

मी तिला काय सांगणार होते? की काकी, मी पहिल्या दिवसापासून तुझ्या मुलीला परत आणायच्या कामाला लागलेय?

मला राग आला. कुणाचा ते नीट सांगता येत नाही. आबांचा आलाच. सरांचा, वडिलांचा आला. आणि तिचाही आला, खरं सांगते. माझं घर, माझी आई, माझी खिडकी, सगळं तिला मिळालं होतं, आणि आता तिचं ओझंही मीच उचलायचं? तो राग कुठं ठेवायचा ते कळेना, म्हणून मी दुसऱ्या दिवशी मैदानावर तात्यांना म्हणाले, "तात्या, रिंग खाली आहे."

"कोण म्हणतंय?"

"मोजा."

दोरी आणली, फूटपट्टी आणली. तात्यांनी दोनदा मोजलं. मग खांबाच्या बुंध्याकडं बघत राहिले. "काळी माती हाय," ते म्हणाले, जणू मातीनंच त्यांना फसवलं होतं. मग एकदम माझ्याकडं वळले. "तुला कवा कळलं?"

"पहिल्या दिवशी."

"आन् आत्तापतूर जीभ कुठं गहाण ठिवली व्हतीस?"

"मला घरी जायचं होतं. आपण हरलो असतो तर तुम्ही मला परत धाडलं असतं."

पोरी गोळा झाल्या होत्या. कुणीतरी मागून एक अशी शिवी हासडली, की ती मी लिहू शकत नाही. तात्यांनी दोरी गुंडाळली. मग म्हणाले, "आन् आता? आता न्हाय जायचं?"

"आता नाही."

"का?"

मी बॉल उचलला आणि सरावाला गेले. तिसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला आणून त्यांनी खांबाला वरून एक फुटाचा तुकडा जोडला. त्यानंतर पंधरा दिवस एकाही पोरीचा बॉल आत गेला नाही. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. सराव संपला की पाण्याचा तांब्या माझ्यापर्यंत यायचा तेव्हा रिकामा असायचा. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. रोज शाळेआधी तासभर आणि सुटल्यावर अंधार पडेपर्यंत आम्ही फेकत राहिलो. माझ्यावरच्या रागानं त्या पोरी जोरात फेकायला लागल्या, आणि जोरात फेकलेला बॉल दहा फुटांवर पोचतो.

थंडीत सामने बारामतीत झाले, आमच्याच जुन्या मैदानावर. शेवटच्या सामन्यात आमची गाठ पडली ती बारामतीशी. ती मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली. खरंच शिडी. वर हात केला की ढगच. मी सरांचे सगळे डाव ओळखत होते, कुठला पास कुठं जाणार ते मला आधी कळायचं. पण तिच्याकडं पोचलेला बॉल पुन्हा खाली यायचा तो जाळीतूनच. पहिल्या अर्ध्यात आमच्या पोरी तिला नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या अर्ध्यात मी तिघींना तिच्याभोवती उभं केलं आणि बाकीचं मैदान मी आणि उरलेलीनं सांभाळलं. थोडक्यात हरलो. इतक्या थोडक्यात, की शिट्टी झाल्यावर बारामतीच्या लोकांनी गुण पुन्हा मोजले, मगच टाळ्या वाजवल्या.

गाड्यावरचा वाद त्याच संध्याकाळी सुरू झाला. म्हणून माझं मत इथंच सांगून टाकते. नुसता खेळ बघितला तर सौदा दोघांना फळला. बारामतीला त्याच वर्षी कप हवा होता, तो मिळाला. ती नसती तर मिळाला नसता. तात्यांना एका उंच मुलीच्या जागी पाच खेळणाऱ्या मुली हव्या होत्या, त्यांना त्या मिळाल्या, आणि त्या मैदानावर आज शाळकरी मुलींची रांग लागते. तेव्हा गाड्यावरच्या मंडळींनो, तुमचे सगळ्यांचेच मुद्दे बरोबर आहेत, चहा प्या. फक्त असं बघा, की त्या सौद्यात पाच चिजा होत्या, आणि त्यातल्या दोघींना तोंड होतं. जाजमावर बसलेल्या चौघांतल्या एकानंही त्या तोंडांना काही विचारलं नाही. बॉलची हवा मात्र तात्यांनी दाबून बघितली होती.

सामना संपल्यावर सर माझ्याकडं आले. पाठीवर हात मारला. "झकास! तू आता परत ये. दाखल्याचं मी बघतो. पुढच्या वर्षी दोघी एका संघात, मग महाराष्ट्रात कोण अडवतंय ते बघू."

"आणि आबांचा नेम?"

"म्हातारा मस्करी करत होता गं."

वडीलही शेजारी उभे होते. त्यांनी खांद्यावरची माझी पिशवी स्वतःकडं घेतली. "चल घरी. आईनं जेवायला थांबवलंय सगळ्यांना. उद्या परवा जाऊन तुझं सामान आणतो."

सहा महिने मी ह्या एका वाक्याची वाट बघितली होती. ते ऐकलं आणि मला आबांकडं आलेली ती म्हातारी आठवली.

घरी जेवायला बसलो. आईनं मला बघितलं, माझे गाल चेपून बघितले, "वाळलीस" म्हणाली. मीठ कमी होतं. मी उठायच्या आत शिडी उठली आणि न बघता मिठाचा डबा काढला. डबा नव्या जागी होता. मला माहीत नव्हती ती जागा.

जेवण झाल्यावर ती आणि मी मागच्या नळावर हात धुवायला गेलो. सहा महिन्यांत आम्ही पहिल्यांदा एकमेकींशी बोललो.

"तू येणारेस म्हणं," ती म्हणाली.

"सर म्हणतात."

"बरंय. मग मी बॅग भरते."

"आबा मस्करी करत होते, असं सर म्हणतात."

ती हसली. "आबानं मेंढरं बी मस्करीतच विकली. जेवताना म्हणला, 'विकून टाकू का गं सगळी?' आमी सगळी हसलो. दुसऱ्या दिशी मेंढरांचं वाडगं रिकामं."

नळ चालूच होता. मी तो बंद केला. "तुला इथं राहायचंय?"

"मला बारावी करायचीया. मग नर्सिंगचा फॉर्म भरायचाय. तुझी आई मला पहाटे अभ्यासाला उठवती, चहा देती. माझ्या घरी पहाटे शेळ्या उठवत्यात. तुला ठावं हायच की."

मला आईनं कधी अभ्यासाला उठवलं नव्हतं. मला वाटायचं, मी आपोआप उठते म्हणून.

ती ‘राहा’ म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. ती नुसती हात पुसत उभी राहिली, माझ्या आईच्या पदराला. तो पदर दोरीवर वाळत होता.

संध्याकाळी इंदापूरच्या पोरी गाडीत बसत होत्या. वडील स्टँडवर त्यांना पोचवायला आले होते, मला घरी न्यायचं म्हणून माझी पिशवी त्यांच्याकडंच होती. मी ती काढून घेतली आणि गाडीत चढले.

"अगं, गाडी सुटेल! कुठं निघालीस?"

"वरकुट्याला."

"आता कशाला?"

"सुपारी तुम्ही फोडलीत, अण्णा. मला काय विचारताय?"

कंडक्टर वडिलांच्या ओळखीचा. त्यानं एकदा वडिलांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि घंटी मारली. एका पोरीनं सरकून मला जागा दिली. बोलली नाही, पण सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओट्यावर उन्हात बसून लोकर कातत होते. मेंढरं गेली तरी आबांचं कातणं सुटलं नव्हतं, विकत लोकर आणून कातायचे. मी समोर जाऊन बसले.

"आबा, मोसम संपला."

"व्हय. तिच्या बापाला धाडतो उद्या, तिला आणाय. तू बी जा आता. बरी खेळलीस म्हणं."

"मी जाणार नाही."

कातणं थांबलं. "म्हंजी?"

"नेम काय होता? मी परत गेले तर ती परत. मी परतच गेले नाही, तर ती कशाला येईल?"

"अगं, मोसम..."

"मोसमाचं कोण बोललं होतं? मी पडद्याआड होते, आबा. सगळं ऐकलंय. ‘तुमची परत आली तर आमची बी परत.’ एवढंच बोललात. सुपारी त्याच्यावर फुटली."

आबांनी लोकर मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आन् तू किती दिस बसणार हितं?"

"बारावीची परीक्षा होईपर्यंत. दोघींची. तोवर पाहुणे बोलवायचे नाहीत."

"पोरीनं म्हाताऱ्याला अटी घालायच्या व्हय?"

"अट तुमचीच आहे. मी फक्त तिला बारावी जोडली."

आत काकीच्या हातातलं काहीतरी पडलं. आबांनी धागा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मला वाटलं आता हाकलतील. हाकललं असतं तर मी घरी गेले असते, आणि दोष माझा राहिला नसता. मनातल्या मनात मी हाकला, हाकला, असंच म्हणत होते.

"बारावी," आबा शेवटी म्हणाले. "त्याच्या म्होरं एक दिस न्हाय. आन् शेळ्यांचं पाणी तुझ्याकडंच."

माझ्या आयुष्यातली पहिली मागणी मान्य झाली, आणि मी सव्वा वर्षासाठी तिथं अडकले. कुणी अडकवलं म्हणायचं, तेही नाही. मीच जाऊन सांगून आले होते. शेळ्यांना पाणी दाखवलं, मग छपरात बसून रडले. काकी येऊन शेजारी उभी राहिली, डोक्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदा मला माझ्या नावानं हाक मारली. त्यानं आणखीच रडू आलं.

दुपारी घरी अंतर्देशीय पत्र लिहिलं. तीनच ओळी. ‘मी येत नाही. तिला परत धाडू नका, कुणी न्यायला आलं तरी. माझा हिरवा स्वेटर पाठवा, इथं थंडी फार आहे.’

आठ दिवसांनी कंडक्टरनं स्वेटर आणून दिला. आईनं धुऊन घडी घातली होती. तरी कळत होतं की शिडी तो रोज घालत होती. लांब हातांनी ओढून ओढून बाह्या पार खाली आल्या होत्या, माझ्या बोटांच्याही खाली. मी त्या दोनदा दुमडल्या आणि मैदानावर गेले.